संस्थापक ट्रिअरला जातात

जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळात कुटुंबं चाळीस आणि संस्थापक नऊ. त्यामुळे किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाल्कनीत रिकाम्या बाटल्या साचतात तसे ते साचतात आणि एक दिवस दार उघडेनासं होतं. म्हणून थोडे बाहेर काढतो.

*

नवांमधले सबनीस सगळ्यात कडक. मोटारींचे गिअरबॉक्स बनवणारा माणूस. मंडळाच्या दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा सूटमधला फोटो मेलवर हजर. खाली ओळ: 'संस्थापक. पहिला गणपती यांच्या घरी बसला.' बाकीचे आठ भडकले. सोमवारी पान छापायला जायचं होतं, तोवर वर्षसहलीत काय तो निकाल लावा, असं ठरलं. मला या माणसाचा मनापासून वैताग येतो, पण त्यांचं म्हणणं खोडून काढायला कुणाकडेच काही नव्हतं.

*

सहल ट्रिअरची. रोमन काळातलं शहर, तिथलं चर्च देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. बस ऑटोबानला लागायच्या आत सबनीसांनी माइक घेतला. चर्च कसं सुरू झालं? तर बादशहाचा हुकूम, ड्रॉइंग, मंजुरी, काम चालू. प्रत्येक प्रोजेक्टला एक ओनर लागतो, असं म्हणून ते आमच्याकडे बघत राहिले. मागच्या सीटवर कुणीतरी घोरत होतं, तेवढाच काय तो विरोध.

*

चर्चमध्ये गाइड होत्या फ्राऊ केलर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी शांतपणे सांगितलं की सुरुवातीला चर्च नव्हतंच. पहिले ख्रिस्ती लोक कुणाच्या तरी घरी, जेवायच्या खोलीत जमायचे. माणसं वाढली की मधली भिंत पाडायची. इमारती नंतरच्या.

घर कुणाचं, हे सबनीसांना हवं होतं. ते माहीत नाही, बाई म्हणाल्या.

"जर्मन असून डॉक्युमेंटेशन नाही?"

"तेव्हा इथे जर्मन नव्हते," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

*

दुसरे संस्थापक देशमुख. त्यांना त्या भिंतीची काळजी. पाडताना फेरमीटरला, म्हणजे घरमालकाला, विचारलं होतं का? तोरणासाठी एक खिळा ठोकला तर देशमुखांना तीन पानी पत्र आलं होतं. आमची मंडळी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत गंभीरपणे माना हलवत होती. इतक्या जुन्या भक्तीतून आम्हाला कळलं ते एवढंच.

*

मग बाईंनी पायाखाली बोट दाखवलं. चर्चखाली खणताना एका रोमन घराचे अवशेष सापडले. छताच्या रंगीत तुकड्यांवर बायकांचे चेहरे होते. बादशहाच्या आईनं आपलं घर दिलं, अशी परंपरा आहे. खात्री कुणालाच नाही.

सबनीस खुलले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आल्झो, म्हणजे आपल्यासारखंच झालं की. घर माझं, पहिला गणपती माझा, पहिली आरती माझी. सोमवारी छापून टाका."

त्यांच्या मिसेस, मेधावहिनी, शेजारीच उभ्या होत्या. सकाळी बसमध्ये त्यांनीच आम्हाला धपाटे वाढले होते.

"अहो, त्या वर्षी तुम्ही चार महिने चेन्नईच्या प्लांटवर होतात. आरतीला स्काइपवर आलात आणि चालू आरतीत मला विचारलंत, ही कोण माणसं भरली आहेस घरात?"