पहिल्या दिवशीचे पांढरे केस

आमच्या गावच्या शनवारा वेशीबाहेर एक जिनिंग फॅक्टरी होती. कापसाच्या मोसमात मी तिथे कामाला जायचे. प्रत्येक मशीनपुढे एक बाई उभी राहून कपाशी आत सारायची. सरकी खाली पडायची, रुई पलीकडे जायची आणि बरीचशी उडून आमच्या अंगावर यायची. म्हणून आम्ही डोक्याला फडकं घट्ट बांधायचो. नव्या बाईला हे पहिल्या दिवशी सांगायचं नाही, अशी आमची रीत. संध्याकाळी तिचं डोकं पांढरं झालं की तिला सरकीच्या पोत्यावर बसवायचं, आजी म्हणायचं आणि एकेकीने पाया पडायचं.

फाळणीनंतर सिंधमधून माणसं आली, त्यातली एक आमच्याकडे लागली. माझ्याच वयाची, तिशीच्या आतली. नवरा तापाने अंथरुणात, पदरी दोन लेकरं. एक दिवस काम बघायचं आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवायचं, असं तिला सांगितलेलं. मुकादमिणीला त्या जागेवर आपली भाची हवी होती. सकाळपासून ती हिच्याकडे मांजरीसारखी बघत होती.

ओढणी मशीनच्या पट्ट्यात अडकते, कमरेला बांध, हे मी तिला खरं सांगितलं. मग तिने आमच्या फडक्यांकडे बोट दाखवलं. "ये क्यों?"

"जुएँ हैं," मी म्हटलं. "जिसके सिर में उवा, वो बाँधती."

ती दोन पावलं मागे सरकली. दिवसभर आमच्यापासून लांब राहिली, पण हात थांबला नाही तिचा.

संध्याकाळी मशिनी थांबल्या. तिला पोत्यावर बसवलं. मी पाया पडले, "आजी, मला दहा पोरं होऊ द्या." तिला शब्द कळले नाहीत, मतलब कळला. डोक्यावर हात ठेवून तिने सिंधीत काहीतरी लांबलचक म्हटलं. आशीर्वाद नसावा.

तेवढ्यात मॅनेजर दारात आला. एका संस्थानात होता. संस्थान गेलं, त्याची नोकरी गेली, म्हणून इकडे आलेला. धुळीला घाबरून नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहायचा. आत उजेड कमी.

"इस बुढ़िया को किसने रखा?" त्याने मुकादमिणीला विचारलं. "मैंने बूढ़ी औरतें रखने से मना किया था। चक्कर आकर मशीन पर गिरेगी। कल से नहीं आएगी।"

मुकादमिणीला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "जी साहब."

नवी बाई उठली. दोन्ही हातांनी केस झटकायला लागली. घामाने रुई चिकटलेली, ती काय निघते. तिचा चेहरा पाहून आमचं हसणं बंद झालं. मस्करी आमची आणि चूल तिची विझणार. शिवाय मुकादमिणीची भाची आम्हाला कुणालाच नको होती.

मी फडकं सोडलं, मूठभर रुई घेतली आणि केसांत चोळली. "साहब, मैं भी बुढ़िया. मुझे भी निकालो." शेजारणीने तेच केलं. मग सगळ्या रांगेने.

"ये क्या तमाशा है?" रुमाल विसरून तो आत आला. एकेकीच्या डोक्याला हात लावून बघत निघाला. "सब सिर खोलो. सब."

आता फडकं फक्त मुकादमिणीच्या डोक्यावर राहिलं होतं. ते आम्ही कधी उतरलेलं पाहिलं नव्हतं. ऑफिसात तिने वय पस्तीस लिहिलेलं आणि घरी नातवंडं. मॅनेजर दोन पावलांवर आला तशी तिने फडकं दोन्ही हातांनी धरलं आणि घाईघाईने म्हणाली, "साहब, कापूस है, कापूस! नई को ऐसाच करते. जवान है वो. काम अच्छा करती."

"आप ज़िम्मा लेती हैं? इसे कुछ हुआ, तो आपसे पूछूँगा।"

"लेती हूँ," ती म्हणाली. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो, तर दाराजवळच्या मशीनवर नवी बाई उभी. तिथे वारा येतो, धूळ कमी. ती जागा मी दोन मोसम मागत होते.

"मावशी, ही जागा मी मागितली होती ना?" मी मुकादमिणीला म्हटलं.

"तिला चक्कर आली तर मॅनेजर मला विचारणार," ती म्हणाली. "तुला आली तर कोणी विचारणार नाही. जा आत."