खिंडीतल्या देवाचा पाला

गावाला डांबरी रस्ता मिळाला आणि डोंगरातली जुनी पायवाट ओस पडली. आता तिच्यावर जाड टायरच्या सायकली फिरतात. साठीला टेकल्यावर मलाही हे वेड लागलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खिंडीतून सुसाट निघालो होतो. सरपणाची मोळी टेकवून बसलेल्या एका आजीबाईंनी हटकलं, "अवो, हितं उतरायचं असतंय. देवाला पाला वाहायचा, मग पुढं जायचं." देव म्हणजे दगडांची रास आणि तिच्यावर वाटसरूंनी ठेवलेल्या वाळक्या डहाळ्या. ओशाळून मागे फिरलो, जांभळीची डहाळी वाहिली. चाकांनी तुमची वाट खराब होते का, असं जाता जाता विचारलं.

"होऊ दे की. तुमी नसता तर करवंदीनं कवाच गिळली असती."

वाट जिवंत राहायला पावलंच लागतात असं नाही, चाकंही चालतात. पण चाकांना कुठं थांबायचं ते कोण सांगणार, ही रुखरुख मला होती.

काल सकाळी ओल्या मातीत माझ्याआधी गेलेल्या एका चाकाची नक्षी दिसली. खिंड जवळ आली तसे त्या नक्षीशेजारी बुटांचे ठसे सुरू झाले. राशीवर उंबराची हिरवीगार डहाळी होती. राशीपलीकडे ठसे संपले आणि चाक पुन्हा एकटं उताराला लागलं.

कोण होतं, कोण जाणे. मीही उतरलो.