ओवाळणीचा सायलेन्सर

"उस्ताद, सायलेन्सर काढायचा न्हाई. फक्त आवाज काढा."

गोविंद डॉक्टर एका पायावर उभा राहून मला हे सांगत होता. दुसऱ्या पायाचा गुडघा सुजून टम्म झाला होता. मी म्हणालो, "बाबा, आधी तो गुडघा दाखव कुणाला तरी."

"दाखवला. म्हशीनं लाथ घातली." मग त्यानं आपल्याच गाडीकडं बोट केलं. "हिच्यापायी."

माझं गॅरेज नांदेडला, लातूर फाट्याजवळ. आधी लातूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतो, तिथं साहेब लोकांशी पटलं नाही म्हणून इकडं आलो. सर्व्हिसिंग सगळेच करतात. माझ्याकडं लोक लांबून येतात ते ट्यूनिंगसाठी. ट्यूनिंग म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल योग्य मापात मिळवून देणं. वरणाला मीठ लागतं तेवढंच लागतं, तसं आहे ते.

गोविंद तसा पदवीचा डॉक्टर नाही. कंधार तालुक्यातल्या वाड्यावस्त्या फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. रीतसर ट्रेनिंग घेतलेलं आहे, गावं त्याला डॉक्टरच म्हणतात. गाडीच्या कॅरियरला नायट्रोजनचं जड भांडं बांधलेलं असतं, त्यात वीर्याच्या कांड्या गोठवलेल्या. म्हैस माजावर आली की मालकाचा फोन येतो, हा निघतो. म्हैस शांत उभी राहिली तर काम होतं. बिचकली तर काम फसतं आणि पुढचा माज यायला तीन आठवडे. तेवढे दिवस मालकाचे वाया. मग तो पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला फोन करतो.

गोविंदचं तेच होऊन राहिलं होतं. फोन कमी झाले होते. एकानं तर तोंडावर सांगितलं, "डॉक्टर, गाडी वेशीबाहेर लावा आन् पायी या." ते भांडं खांद्यावर घेऊन वस्त्या फिरायच्या म्हणजे माणसाचा बैल व्हायचा.

मी गाडी चालू केली. जुन्या पद्धतीची, साडेतीनशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली. धड् धड् धड्! शेजारचा चहावाला ओरडला, "ओ उस्ताद, काच फुटंल!" मी रेस देऊन एकदम सोडली. फाट! फाट-फाट! दिवाळीतले उरलेले फटाके कुणीतरी आत टाकल्यासारखे.

"हेच," गोविंद म्हणाला. "गोठ्यापाशी आलो की मी रेस सोडतो. तवाच हे फुटतंय. नेमकं म्हशीच्या मागं."

वाकून सायलेन्सर बघितला. आतून सरळ पोकळ नळा. आवाज गिळायला ना जाळी, ना काचेचा कापूस. आणि वर लेझरनं कोरलेलं: 'सुरेखा – गोविंद'.

"हे काय रे?"

गोविंदनं मान खाली घातली. "मेहुण्यानं दिलाय. भाऊबीजेला."

नितीन म्हणून मेहुणा, लातूरला असतो. बहिणीनं, म्हणजे गोविंदच्या बायकोनं, ओवाळलं आणि यानं ताटात हा सायलेन्सर ठेवला. साडी नाही, भांडं नाही, सायलेन्सर! कुंकवाचा ठिपका अजून पाईपावर होता, भाजून काळा पडलेला. मी आधी खूप हसलो. मग मला राग आला.

"काढून टाक की मग."

"ओवाळणी हाय, उस्ताद. ओवाळणी काढून फेकतेत का? तिच्या माहेरचा मान हाय. उद्या नितीन आला, गाडीला न्हाई दिसला, तर काय सांगू?"

"म्हशीला काय सांगतोस?"

तो गुडघा चोळायला लागला.

मी त्याला समजावलं. सायलेन्सरच्या तोंडात एक बारीक नळी बसवता येते, तिला डीबी किलर म्हणतात, आवाज थोडा दबतो. पण या पाईपाचं तोंडच वाकडं कापलेलं. नळी चार खड्ड्यांत निखळून पडणार. आणि मोकळ्या सायलेन्सरमुळं धूर पटकन बाहेर जातो, इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल तेवढंच राहतं. याला आम्ही लीन म्हणतो. लीन गाडी तापते, पिकअप सोडते आणि रेस सोडली की फटाके वाजवते.

"गावातल्या मिस्त्रीनं जेट बदललाय की," गोविंद म्हणाला.

मी कार्ब्युरेटर खोलला. जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा, त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं. त्या भल्या माणसानं मेन जेट मोठा टाकला होता. मेन जेट लागतो फुल रेसला. फटाके वाजतात रेस सोडल्यावर, ते काम पायलट जेटचं. म्हणजे दुखतंय पोटात आणि ओवा चोळलाय टाळूला. गाडी पेट्रोल ढोसत होती आणि फटाके जिथल्या तिथं.

"डॉक्टर, सोयरे सांभाळा न्हाईतर म्हशी. दोन्ही जमणार नाही."

शेवटी मीच म्हणालो, बायकोला फोन लाव. त्यानं भीत भीत लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून सुरेखाबाई म्हणाल्या, "ओवाळणी कुणाला दिली? मला का तुमाला?"

"तुला."

"मग मी सांगते, काढा. जपून घरी आणा, मी माळ्यावर ठेवते. नितीनचं मी बघते." फोन बंद.

गोविंदनं फोन खिशात घातला. इतके दिवस हा माणूस नाहक लाथा खात होता. विचारायचंच राहिलं होतं!

आता सायलेन्सर निवडायचा. कंपनीचा जुना गंजून भोकं पडलेला, तो बाद. आफ्टरमार्केट म्हणजे बाहेरच्या कंपनीचा. गिऱ्हाईक यात आवाज बघतं आणि चमक बघतं. मी तीन गोष्टी बघतो. आतली जाळीची नळी लांब पाहिजे आणि भोवती कापूस गच्च पाहिजे. क्लॅम्प मूळ जागेवर बसला पाहिजे, वेल्डिंगची जुगाडं नकोत. आणि गोविंदपुरती तिसरी गोष्ट: तोंड मागं आणि खाली पाहिजे. गरम धूर नायट्रोजनच्या भांड्यावर आला तर आतला माल खलास. असा एक मिळाला. दिसायला अगदी साधा, आवाज खालच्या पट्टीतला.

"लई शांत हाय," गोविंद जरा हिरमुसला. पोरगाच होता शेवटी.

मेन जेट परत मापाचा टाकला. पायलट जेट एक नंबर मोठा केला. स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचा ठोका, जमवलं. गल्लीत चक्कर मारली, छान. म्हणालो, खऱ्या रोडवर बघू. गुडघ्यामुळं तो मागं, मी पुढं. लोह्याच्या रोडला एका उतारावर रेस सोडली.

फाट!

माझ्या तोंडातून शिवी गेली. बाजूला घेतली. परत पळवून फुल रेसमध्येच क्लच दाबून इंजिन बंद केलं, थांबून स्पार्क प्लग काढून बघितला. प्लगचं टोक खरं सांगतं: पांढरं म्हणजे लीन, काळं म्हणजे पेट्रोल जास्त. हे चहासारखं तपकिरी होतं, एकदम बरोबर. मग फटाका कुठला? गाडी परत चालू केली आणि ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं. पाईप इंजिनाला जिथं जोडतो तिथून फिसफिस ऐकू आली. मिस्त्रीनं जुनंच गास्केट, म्हणजे जोडातली चकती, दाबून परत बसवलं होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरायची आणि उरलंसुरलं पेट्रोल पेटायचं. माझ्या हत्यारांच्या पिशवीत नवं गास्केट होतं, ते घातलं. त्याच उतारावर परत गेलो. रेस सोडली. नुसता फस्स असा आवाज.

"आता घरापर्यंत चला," गोविंद म्हणाला. "आमची म्हैस पास करंल तवा खरं."

त्याच्या गावी पोचलो तर सुरेखाबाई म्हैस पिळायला बसलेल्या. मी मुद्दाम गाडी गोठ्याच्या तोंडापर्यंत नेली आणि रेस सोडली. म्हशीनं एक कान हलवला. रवंथ चालूच. गोविंदच्या डोळ्यात पाणी आलं, खोटं सांगत नाही.

तेवढ्यात वेशीकडनं धड् धड् धड्. रविवार होता, नितीन आला होता, स्वतःच्या गाडीवर, जोडीचा तसलाच सायलेन्सर लावून. अंगणात येऊन त्यानं ऐटीत रेस सोडली. फाट!

म्हशीनं लाथ झाडली. चरवी उलटी, दूध मातीत. मग तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. सुरेखाबाईंनी सड ओढून बघितले, एक थेंब नाही.

नितीनला ते काही कळलंच नाही. त्याची नजर दाजींच्या गाडीवर. "दाजी, माझा सायलेन्सर कुठंय?"

गोविंद बोलणार तोच सुरेखाबाई उठल्या. "बस आधी. चहा पी."

चहा आला. मला, गोविंदला, नितीनला. कोरा.

"ताई, दूध?"

"आंगणात सांडलंय. तूच सांडलंस," बहीण शांतपणे म्हणाली. "रोज ह्यांच्या वाट्याला हेच यायलंय. त्येंचा गुडघा बघ."

नितीननं गुडघा बघितला. चरवी बघितली. कोरा चहा सगळा प्याला, तोंड वाकडं न करता. जाताना इंजिन चालू केलं नाही. गाडी ढकलत ढकलत वेशीबाहेर नेली आणि तिथं चालू केली.

गोविंदला लाथ मारलेल्या म्हशीच्या मालकानं पुढच्या माजाला त्यालाच बोलावलं. ती म्हैस गाभण आहे. नितीन महिन्याभरात माझ्या गॅरेजवर आला. गाडी लांब उभी करून आत आला आणि म्हणाला, "काका, दाजींसारखा बसवा. ताई चहात दूध घालंना झालीय."

तेव्हापासून सायलेन्सर मागायला कुणी आलं की मी इंजिनाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी घरी कुठं लावता आणि शेजारी काय बांधलेलं असतं.