धांड्याच्या दोन साली

नातवाच्या शाळेतल्या बाईंनी त्याला पुठ्ठ्याची एक पट्टी दिली आहे. तिच्यातल्या चिरेतून एका वेळी एकच ओळ दिसते, म्हणून त्याला वाचता येतं. ती पट्टी मी हातात घेतली आणि ज्वारीच्या हिरव्या धांड्याचा वास आल्यासारखं झालं.

गावच्या शाळेत माझी मोठी बहीण शोभा धांड्याच्या दोन साली ओळीच्या वर-खाली ठेवायची. म्हणायची, "अक्षरं धावतात वं, म्हणून त्याईले कुंपण घातलं." एके दिवशी ती पहिल्यांदाच न अडखळता वाचत होती. गुरुजींनी साली उचलून बाहेर फेकल्या.

"खेळ बंद. आता वाच."

शोभा पहिल्याच शब्दाला अडखळली. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर शेतात निंदायला जाऊ लागली. घरात कुणाला वाईट वाटलं नाही. पोरगी कामाला लागली, एवढंच.

परवा शोभाताई मोताळ्याहून आली, तेव्हा मी तिला पट्टी दिली. तिनं ती पेपरावर ठेवली आणि चिरेतल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"अक्षरं थांबले वं," ती हळूच म्हणाली. "पण कोणतं कोणतं हाय, थे आता याद नाही."