माझी सत्कारबंदी

आधी मला एक सांगा. माणूस गाण्याला जातो, तो नारळ बघायला जातो का? कुणाच्या खांद्यावर शाल कशी पडते, हे बघायला जातो का? नाही ना? मग! माझा संताप रास्त होता, एवढं आधी मान्य करा, म्हणजे पुढचं सांगतो. पुढचं सांगण्यासारखं नाहीच. पण सगळ्या बडोद्याला ते कळलेलं आहे. तिसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

मी आयुष्यभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. अपघात व्हायच्या आधीच तो ओळखायचा, ही माझी नोकरी. निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? मी संगीत महोत्सव चालवायला घेतले! तेही एक नाही, पाच. बडोद्यातली कारेलीबाग, अकोटा आणि वासण्याची मंडळं, शिवाय भरूच आणि नवसारी. पाचही ठिकाणच्या मराठी मंडळांनी मिळून एक चांगला कलाकार बोलवायचा आणि गावोगाव त्याचं गाणं करायचं, अशी ही योजना. संयोजक मी. संयोजक म्हणजे कोण? तर कुणाचंही काही चुकलं की ज्याला फोन येतो तो.

आणि चुकत काय होतं? गाणं सोडून सगळं चालत होतं! दरवेळी आधी सत्कार. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, हॉल देणाऱ्याचा, मांडव घालणाऱ्याचा. भरूचला तर मांडववाल्याच्या मेहुण्याचा सत्कार झाला. तो बिचारा शिडी परत न्यायला आला होता! त्याच्या गळ्यात हार घातला तेव्हा त्याच्या खांद्यावर शिडी होती. आणि गायक मागे तंबोरा लावून बसलेला, तंबोरा उतरला, पुन्हा लावला, पुन्हा उतरला. शेवटी गायकच उतरला असता, पण त्याचाही सत्कार बाकी होता.

या रोगाचा उगम म्हणजे आमचे पवारसाहेब. अकोट्याच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण शाल दिसली की हात शिवशिवतात. त्यांच्या घरी बेल वाजवायला जावं, तर दार उघडायच्या आत नारळ पुढे येईल की काय अशी भीती वाटते.

शेवटी नवसारीवाले कंटाळले. म्हणाले, "काका, यंदा निदान एकदा नुसतं गाणं ऐकवा. नाहीतर आम्ही आमचं वेगळं करतो." भरूचवाल्यांनी माना डोलावल्या. पाचातले दोन गेले की उरलं काय? बडोद्यातल्या बडोद्यात भांडायला तीन मंडळं! मी हे जाळं विणायला काय काय केलंय ते माझं मला माहीत. म्हटलं, यंदा इंदुताईंना आणतो.

इंदुताई म्हणजे नाशिकच्या गायिका. वय झालंय, पण गळा असा की ऐकणाऱ्यानं घोट गिळायला विसरावं. आणि स्वभाव? माझ्याहून तिखट! किती वर्षं आम्हाला नकार देत होत्या. या वेळी फोनवर म्हणाल्या, "येते. पण एक अट. सत्कार नको, भाषण नको. मी गायला येते. स्टेजवर कुणी बोलत राहिलं तर मी गाडीत जाऊन बसेन."

मला तर फोनमधून जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी लगेच जाहीर करून टाकलं: या महोत्सवात संपूर्ण सत्कारबंदी! पवारसाहेबांचा चेहरा उतरला.

"एक पण नाही? नानो सरखो पण नाही?"

"छोटासासुद्धा नाही!"

"चालो, तुम्ही म्हणाल तसं. मी तबला-पेटीवाल्यांचं बघतो, बस?"

"बघा. आणि फक्त तेवढंच बघा," मी म्हटलं.

पहिला कार्यक्रम अकोट्याला, पाचही मंडळांसमोर. त्या संध्याकाळी मी तिथल्या शाळेच्या हॉलवर पोचलो. सोबत बायको, माधवी. माझ्या नव्या कुर्त्याला खिसाच नव्हता, म्हणून स्कूटरची चावी तिच्या पर्समध्ये टाकली होती. आत गेलो. स्टेजमागच्या खोलीत कुणी नव्हतं. आणि खुर्चीवर काय होतं? शाल! मरून रंगाची, काठाची, व्यवस्थित घडी घातलेली. आणि तिच्यावर? नारळ! शेंडीवाला!

माझं डोकं असं तापलं म्हणता! अहो, शब्द दिला होता या माणसानं! मी दोन्ही उचलले, माधवीकडून चावी घेतली, बाहेर जाऊन स्कूटरच्या डिकीत कोंबले, डिकी बंद केली आणि चावी परत तिला दिली.

"कुणाचं आहे ते?" माधवी म्हणाली.

"कुणाचं असणार? पवारांचं! अपघात व्हायच्या आधी ओळखला."

"विचारलं तरी का कुणाला?"

आता चोराला पकडताना कुणी विचारतं का, "ही चोरीच आहे ना हो?"

परत येतो तर पवारसाहेब इकडून तिकडे धावताहेत. मला बघून जवळ आले. "दिघेभाई, ती एक शाल..."

"शालीचं नाव काढायचं नाही!"

"अहो, पण नारळ पण..."

"पवारसाहेब, लाज वाटते का थोडी? तुम्ही शब्द दिलाय!"

ते मान हलवत पुन्हा शोधायला धावले. मला वाटलं, पकडला गेला म्हणून पळ काढला. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

मी दाराशी पहारा करायला उभा राहिलो. इतक्यात एक मोठी गाडी आली. तिच्यातून एक गृहस्थ उतरले. रेशमी कुर्ता, वर जाकीट, बोटात अंगठ्या, केसांना रंग, चालणं असं संथ की बघणाऱ्यालाच उठून उभं राहावंसं वाटावं. मी म्हटलं, आला! पवारांनी प्रमुख पाहुणा बोलावलाच! ते थेट स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाले. मी आडवा झालो.

"साहेब, वर नाही. इथं खाली बसा."

"मारे तो उपर बेसवानुं छे," ते हसून म्हणाले.

बघितलंत? मला वरच बसायचंय म्हणे! काय हा निर्लज्जपणा! मीही गुजरातीत सुनावलं, "उपर कोई नथी बेसतुं! उपर फक्त कलाकार!"

"एटले ज तो..."

म्हणजे, "म्हणूनच तर..." पण पुढचं मी ऐकून घेतलंच नाही. हात धरून त्यांना नेलं आणि मागच्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. डावीकडे वासण्याच्या भजनी मंडळाच्या बायका, उजवीकडे भरूचची मंडळी. सहजासहजी उठून बाहेर पडता येणार नाही, याची काळजी घेतली. सेफ्टी! ते गृहस्थ म्हणाले, "सारुं, वेळ झाला की बोलावा." मी म्हटलं, "बोलावणार नाही!" ते बायकांकडे बघून कसनुसं हसले.

पडदा उघडला. हॉल गच्च भरलेला. नवसारीवाले पहिल्या दोन रांगांत, हाताच्या घड्या घालून. स्टेजवर मध्ये इंदुताई, मागे तंबोऱ्यावर त्यांची शिष्या, एका बाजूला तबलजी, आणि दुसऱ्या बाजूला? पेटी. नुसती पेटी! पेटीवाल्याचा पत्ता नाही. इंदुताई पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या, कारण शाळेनं नवा एसी घेतल्याची हौस त्या दिवशीच फेडून घेतली होती. त्या गाईनात. विंगेकडे बघत होत्या. समोर गुरूंची तसबीर ठेवली होती, तिच्याकडे बघत होत्या. आणि मधूनच माझ्याकडे.

आता लोक बसलेत, नवसारीवाले घड्याळ बघताहेत, पेटीवाला बेपत्ता! कलाकारांना वेळेची किंमतच नाही हो! मी काय करणार? माइक हातात घेतला. फक्त लोकांना दोन मिनिटं थांबवण्यासाठी, देवाशप्पथ.

"रसिकहो," मी म्हटलं, "आज इथं एकही सत्कार होणार नाही!"

टाळ्या! कडकडून! आणि तिथंच माझा घात झाला. टाळ्या मिळालेला माणूस कधी माइक खाली ठेवतो का? मी सांगायला लागलो. सत्कारांनी गाण्याचं कसं नुकसान केलंय. भाषणं करणाऱ्यांना आवरण्याची गरज कशी आहे. शिडीवाल्या मेहुण्याची गोष्ट सांगितली, लोक हसले, म्हणून पुन्हा तपशिलात सांगितली. मग ज्यांना माइक सोडवत नाही, अशा लोकांवर मी बोललो. बराच वेळ बोललो.

मागे मधोमध ते जाकीटवाले गृहस्थ उभे राहिले. हात वर केला.

"बसा!" मी माइकवरून गरजलो. "बघा मंडळी, यांनाही आज वर बसायचं होतं! पण मी बसू दिलं नाही!"

पुन्हा टाळ्या. गृहस्थ बसले. भजनी मंडळाच्या बायका त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या की त्यांनी जाकिटाची बटणं लावून घेतली.

विंगेतून पवारसाहेब हातवारे करत होते. हवेत दोन्ही हातांची बोटं नाचवत होते, मग मागच्या रांगेकडे दाखवत होते. मी म्हटलं, "पवारसाहेब, आज नाही म्हणजे नाही!" पहिल्या रांगेत माधवीनं कपाळाला हात लावला. मग उठली आणि पर्स घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, तिचं डोकं दुखत असेल. तसं ते दुखतच होतं, कारण निराळं.

इंदुताईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं, त्या सुराचं चिंतन करताहेत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. एवढ्यात दुसऱ्या माइकवर पवारांचा आवाज आला.

"आजच्या या मंगल प्रसंगी, आपल्या पाचही मंडळांचे आधारस्तंभ, मान्यवर दिघेकाका, यांचा सत्कार होत आहे!"

मी ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो! पण काय सांगू, शाल खांद्यावर पडायला लागली की मराठी माणसाची मान आपोआप खाली जाते. डोळे मिटतात. चेहऱ्यावर "कशाला उगाच" असं हसू येतं. आणि मग नारळ पुढे आला. नारळ एका हातानं घेतात का? घेतच नाहीत! मी माइक पवारांच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

हेच तर त्यांना हवं होतं. माइक पाठीमागे धरून पवार माझ्या कानात कुजबुजले, "दिघेभाई, मागे बसलेत ना, ते देसाईभाई. सुरतेहून आलेत. पेटीवाले!"

मी शालीकडे बघितलं. मरून. काठाची. डिकीतलीच! पहिल्या रांगेत परत येऊन बसलेली माधवी स्कूटरची चावी पर्समध्ये टाकत होती.

"आणि शाल माझी आहे," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी माइकसुद्धा वापरला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "इथं गारठा आहे. सत्कार आटोपला असेल तर द्या. आणि तो नारळ. गुरुजींपुढे नारळ ठेवल्याशिवाय मी आजवर एक सूर लावलेला नाही."

"ताई, मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी कसंबसं म्हटलं.

"तुम्ही श्वास घ्यायला थांबला असतात तर बोलले असते!"

हॉल असा हसला, असा हसला की एसी बंद पडला असं मला वाटलं, इतकं मला उकडायला लागलं. पेटीवाला, शाल आणि नारळ! गाणं सुरू होण्यासाठी बाईंना तीनच गोष्टी हव्या होत्या आणि तिन्ही मी जातीनं जप्त केल्या होत्या. देसाईभाई मागून यायला लागले, तर भजनी मंडळाच्या बायकांनी उठून त्यांना वाट करून दिली आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारून जाताना ते नमस्कार करून म्हणाले, "हवे बेसुं, साहेब?" आता बसू का म्हणे! परवानगी विचारत होते हो, माझी!

मी तिथून मुकाट खाली उतरायला हवं होतं. तुम्ही उतरला असता. कुणीही उतरलं असतं. पण पवारांनी माइक स्टँडवर ठेवला, तो नेमका माझ्या तोंडासमोर. आणि एकदा सत्कार झाला की त्याला उत्तर द्यायचं असतं, ही रीत आहे ना?

"सत्काराला उत्तर म्हणून," मी म्हटलं, "फक्त दोन शब्द बोलतो..."

माधवी उठून टाळ्या वाजवायला लागली. तिच्यामागून नवसारीवाले. मग सगळा हॉल. मी तोंड उघडलं की टाळ्या वाढत. शेवटी पवारसाहेबांनी माझा दंड धरून मला खाली नेलं आणि मागच्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं.

मग इंदुताई गायल्या. काय गायल्या! शाळेचा वॉचमन दिवे घालवायला आला आणि तोही दाराशी बसून राहिला. गाणं संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला, पण माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत.

नवसारीवाले राहिले. भरूचवालेही राहिले. पाचही मंडळं एकत्र आहेत. पण त्यांनी अट काय घातली असेल? ऐका आणि सांगा, संताप येतो की नाही! म्हणे, पुढच्या महोत्सवात संयोजकांचा सत्कार अवश्य करायचा, पण तो आदल्या दिवशी, त्यांच्या घरी आणि माइकशिवाय!

अपमान आहे हा, उघड उघड अपमान! मी हे खपवून घेणार नाही, चांगलं सुनावणार आहे सगळ्यांना. सत्काराला उत्तराचं भाषण निम्मं तयारही आहे. थांबा, उठू नका, सुरुवात तर ऐकून जा!