दहा क्रेटांवरची झोप

पोखरकर बाईंचा फोन आला तेव्हा आमचे पारसशेठ स्लीपिंग बॅगमध्ये अडकले होते.

नारायणगावात, भर बाजारपेठेत, सकाळी अकरा वाजता शेठ दुकानाच्या काउंटरपुढे आडवे होते. नव्या कॅम्पसाठी आलेली बॅग ते घालून बघत होते आणि चेनीत तिचं अस्तर सापडलं होतं. ती वर जाईना, खाली येईना. शेठचा फक्त चेहरा बाहेर होता. तेवढ्यात एक टोमॅटोवाले ताडपत्री घ्यायला आले. त्यांनी खाली पाहिलं.

"शेठ, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी आहे. वीस बाय तीसची पाहिजे ना?" शेठ खालूनच म्हणाले. "दत्तू, मला राहू दे. आधी गिऱ्हाईक बघ."

मी ताडपत्री दिली आणि मग फोन घेतला.

पोखरकर बाई माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती पदवी बाईंमुळे मिळाली. कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी सातगाव पठारावर मजुरीनं बटाटा लावत होतो. मला तारीखच माहीत नव्हती. माझं मार्कलिस्ट शाळेत पडलेलं होतं. ते घेऊन बाई एसटीनं मंचरला गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, अर्ज भरला आणि 'पालकाची सही' या रकान्यात स्वतः सही केली. खिडकीवरच्या क्लार्कनं विचारलं, "तुम्ही कोण मुलाच्या?" बाई म्हणाल्या, "रकाना मोकळा सोडायचा नसतो." आणि पावती घेऊन परत आल्या.

"दत्तात्रय," बाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या कॅम्पची जाहिरात पाहिली. मी शनिवारी येते."

"तुम्ही? तंबूत?"

"का? आयुष्यभर शाळेच्या सहली नेल्या. एकाही सहलीत मी झोपले नाही. मुलींच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची. आता एकदा सहलीला जाऊन झोपायचंय. फक्त गुडघ्यांमुळे मला जमिनीवरून उठता येत नाही. आणि मऊ गादीनं कंबर धरते. तुझा तंबूंचा अभ्यास झाला असेलच."

"हो बाई," मी म्हणालो.

मुख्याध्यापिकेला 'नाही' म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही. खरी गोष्ट ही की मी भूगोलात बी.ए. केलं, पर्यटनाचा सहा महिन्यांचा कोर्स केला, पारसशेठच्या नव्या कॅम्पचा मॅनेजर झालो, पण तंबूत कधी पाठ टेकली नव्हती. आमच्यापैकी कोणीच टेकली नव्हती.

इथे आम्ही तंबू कसे निवडले ते सांगायला हवं.

शेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या नारायणगावात. धंदा ताडपत्री, क्रेट आणि मंडपाचा. माणिकडोह धरणाच्या पाण्याला लागून त्यांची एक पडीक जागा होती. आसपास ऊस नाही, म्हणजे बिबट्याला लपायला जागा नाही, म्हणून कॅम्पसाठी ती ठरवली. नमुन्याचा तंबू आला तो 'फोर पर्सन डोम', म्हणजे घुमटासारखा, चार माणसांचा. तो उभा केला सुभानभाऊंनी. सुभानभाऊ शेठकडे तीस वर्षं मंडप घालतात. मंडपवाला माणसं मोजतो ती पंगतीनं. एक मांडी, दोन फूट. हिशोब संपला.

त्या हिशोबानं आम्ही चौघे आत मांडी घालून बसलो. मग आणखी दोघांना बोलावलं. मधे भेळेचा कागद पसरला.

"सहा बसले राव! वर भेळ निराळी," सुभानभाऊ म्हणाले.

"कंपनी प्रामाणिक आहे," शेठ म्हणाले. "सांगते चार, मावतात सहा." आणि तिथल्या तिथे दहा तंबू मागवले.

आडवं होऊन बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मंडपात आडवा होतो तो एकटा आचारी, तेही कार्य उरकल्यावर.

फोन ठेवला. चेनीला मेणबत्ती घासली आणि शेठना मोकळं केलं. मग सगळं सांगितलं. शेठनी घाम पुसला.

"दत्तू, तुझ्या बाई त्या माझ्या बाई. चला, झोपून बघू."

दुकानामागच्या अंगणात, भर दुपारी, शेठ, सुभानभाऊ आणि मी असे तिघे चार माणसांच्या तंबूत झोपलो. शेठ मधे होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला कूस बदलायची आहे."

"मग आमालाबी बदलावी लागंल," सुभानभाऊ म्हणाले. "एक, दोन, तीन म्हना."

तिघांनी एकदम कूस बदलली. माझे पाय दारातून बाहेर गेले. क्रेट न्यायला आलेला ड्रायव्हर त्यांना ओलांडून दुकानात गेला.

त्या दिवशी कळलं ते असं. तंबूवर लिहिलेला आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून, सरळ, न हलता झोपलेली माणसं. त्यात बॅगा नाहीत, कूस नाही, घोरणाऱ्यापासून दूर सरकायला जागा नाही. चारचा तंबू दोघांचा समजावा. आणि डोमची उंची मधोमध चार फूट. म्हणजे आत जायचं ते रांगत. बाईंना मी आयुष्यात कोणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या तंबूपुढे त्या रांगतील, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आधी पलंगाचं बघितलं. घडीच्या खाटेचे बारीक पाय तंबूची जमीन फाडतात, आणि तशी खाट शनिवारपर्यंत येणारही नव्हती. सुभानभाऊ उठले आणि टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन आले. पालथे घातले. लांबीला पाच, रुंदीला दोन, असे दहा. सुतळीनं एकमेकांना बांधले, वर स्टेजची प्लाय टाकली.

"ह्यात पाच-पाच थर टोमॅटो जातो मुंबईला. टोमॅटो दबत न्हाई, बाई काय दबत्यात!"

क्रेटच्या कडांनी जमीन फाटू नये म्हणून खाली मंडपाचं जुनं कार्पेट घातलं. प्लायवर फोमची मॅट, कारण थंडी अंगावरून जेवढी लागते तेवढीच पाठीखालून लागते. त्यावर कापसाची पातळ, घट्ट गादी. उंची सोळा इंच. खुर्चीवरून उठल्यासारखं उठता येत होतं.

हा पलंग आम्ही डोममध्ये नेला आणि शेठ त्यावर बसले. बाहेरून तंबूच्या डोक्यावर एक गोल टेंगूळ आलं.

सुभानभाऊंनी हात जोडले. "शेठ, कळस बसला."

"मला बाहेर काढा," कळस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला दोन डोम परत देऊन एक केबिन टेंट घेतला. त्याच्या भिंती सरळ असतात आणि आत उभं राहता येतं. वाऱ्यात तो डोमपेक्षा जास्त फडफडतो, म्हणून सुभानभाऊंनी त्याला लग्नाच्या मंडपाचे दोर लावले. राहिलं पांघरूण. निमुळती बॅग, जिच्यात शेठ अडकले होते, ती ऊब चांगली देते, पण तिच्यात पाय पसरता येत नाहीत. शिवाय बॅगेवरचा तापमानाचा आकडा बहुधा 'एवढ्या थंडीत निभावेल' असं सांगतो, 'झोप लागेल' असं नाही. डिसेंबरात धरणाकाठी हा फरक पहाटे कळतो. मी चौकोनी बॅग पूर्ण उघडून अंथरली आणि वर आईची गोधडी ठेवली.

पण शेठना आता झोपेची गोडी लागली होती. झोपून बघितल्याशिवाय काहीही पास करायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. शुक्रवारपर्यंत आम्ही तिघे पाळीपाळीनं दुपारी बाईंच्या पलंगावर झोपलो. शेठनी रजिस्टर केलं. रकाने असे: नाव, डावी कूस, उजवी कूस, उताणे, शेरा. सुभानभाऊंचा शेरा कायम एकच, 'लई भारी'. त्यांना उठवायला दोन माणसं लागायची.

शनिवारी संध्याकाळी पाचला बाई आल्या. एक पिशवी, एक काठी, नऊवारी नीट खोचलेली.

शेठ सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हणून आमच्या कॅम्पचं जेवणही साडेपाचला. पुढे सूर्यास्त, शेकोटी, दुर्बिणीतून तारे. कार्यक्रम छापलेला होता. मी बाईंना नोंदणीचा फॉर्म दिला. तो शेठनी कुठल्याशा शालेय सहलीच्या फॉर्मवरून उतरवला होता. बाई भरत गेल्या आणि शेवटी थांबल्या.

"'पालकाची सही'?"

"बाई, ते चुकून राहिलंय. मोकळं सोडा."

"मोकळं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बघते. आधी पलंग दाखव."

त्या ताठ चालत आत गेल्या. काठीनं पलंगाखाली टोचून पाहिलं.

"क्रेट?"

"हो बाई."

"पालथे का?"

"तळ सपाट असतो, बाई."

"हं. पाच मिनिटं कंबर टेकते. मग जेवायला येते." एका हातात फॉर्म, एका हातात पेन. त्या आडव्या झाल्या.

दहा मिनिटांनी शेठ भाकरीचं ताट घेऊन दाराशी आले आणि थबकले. आतून घोरणं ऐकू येत होतं. संथ, एकसारखं, शेतातलं पाण्याचं इंजिन चालावं तसं.

"हे रजिस्टरमध्ये कुठे लिहायचं?" शेठ कुजबुजले.

"त्यांना उठवा," मी म्हणालो.

"तुझ्या बाई आहेत. तू उठव."

माझी छाती झाली नाही. शेठची झाली नाही. सुभानभाऊ म्हणाले, "मी दोन पोरांचा बाप हाय," आणि निघून गेले. सूर्य मावळला. पुण्याहून आलेल्या आठ जणांनी स्पीकर लावला, तेव्हा शेठ हात जोडून त्यांच्याकडे गेले. "पावणं, आमच्या बाई झोपल्यात." का कोण जाणे, त्यांनी तो लगेच बंद केला. शेकोटी उचलून पार खालच्या अंगाला नेली. लोक ताऱ्यांची नावंसुद्धा कुजबुजत घेत होते. मी बाईंच्या दाराशी खुर्ची टाकली आणि बसलो.

सकाळी सहाला आतून आवाज आला. "दत्तात्रय, जेवण वाढलं का?"

"काल वाढलं, बाई."

"सूर्यास्त?"

"झाला."

"तारे?"

"गेले."

बाई पलंगावरून खुर्चीवरून उठल्यासारख्या उठल्या. बाहेर येऊन धरणाच्या पाण्यावरचं धुकं पाहिलं, चहा घेतला आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: 'छापील कार्यक्रमातील एकही बाब पाहावयास मिळाली नाही. व्यवस्थापनात सुधारणेस वाव आहे.' मग सुभानभाऊंनी त्यांना जीपनं जुन्नरच्या एसटीवर सोडलं.

शेठनी ते पान लॅमिनेट करून दुकानात लावलं. आता आम्ही दुकानात तंबूही विकतो, आणि घ्यायला येणाऱ्याला आधी आडवं करतो. लोक लाजतात, पण झोपतात. तंबूवर छापलेला आकडा वाचू नका, त्यात एक दुपार झोपा. वस्तू ज्या कामासाठी घ्यायची ते काम तिच्यात करून बघावं. आम्हाला हे कळायला सहा माणसं आणि एक भेळ लागली.

पलंग आवरताना गोधडीखाली बाईंचा फॉर्म सापडला. तो मी पोस्टानं पाठवला, सोबत हे पत्र.

'आदरणीय बाईंना सा. न.

आपला अभिप्राय मिळाला. तक्रार योग्य आहे. सूर्यास्त व तारे दाखवण्याची जबाबदारी माझी होती. पुढच्या वेळी जेवणाआधी पलंग दाखवला जाणार नाही, याची दक्षता घेतो.

पारसशेठनी आपली नोंद रजिस्टरात केली आहे. उताणे, तेरा तास. हा आकडा अजून कोणी मोडलेला नाही. सुभानभाऊ प्रयत्नात आहेत.

आपला फॉर्म सोबत परत पाठवत आहे. शेवटचा रकाना मोकळा राहिला होता. तो तसा सोडायचा नसतो, हे आपणच शिकवलंत. म्हणून तिथे मी सही केली आहे. नियमात बसत नसल्यास कळवावे.

आपला विद्यार्थी,
दत्तात्रय'