तीन महिने दाढी बंद

“आभाल बघा, मास्तर,” असं म्हणून तो दोन बोटांनी माझी हनुवटी वर उचलायचा. वर आभाळ कुठलं? सिमेंटचा पत्रा, त्याला लटकलेला कुरकुरणारा पंखा आणि कोळिष्टकं. पण त्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने, मग तो गावचा सरपंच असो की मुंबईहून समुद्रात डुंबायला आलेला पाहुणा, मुकाट ते आभाळ बघितलेलं आहे. गळ्यावरून वस्तरा फिरत असताना माणूस वाद घालत नाही.

काशीदच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्याचं सलून होतं. एक खुर्ची, एक बाकडं आणि समोर भिंतभर आरसा. असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल, जिथे केस कापून झाल्यावरही माणसं उठत नाहीत. मी गावच्या शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांच्या काळात आमच्या बौद्धवाडीतल्या माणसाला त्या दुकानात खुर्ची नव्हती. माझे वडील केस कापायला एसटीने मुरुडला जायचे. याने दुकान हातात घेतलं त्याच आठवड्यात हा आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, “तात्या, खुर्ची मोकली हाय. या.” वडील हट्टी, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मी गेलो. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं माझ्या गालाला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागला नाही.

त्याची कामाची एक पद्धत होती. ब्लेड कागदासकट मधोमध कट्‌कन मोडायचं. अर्धं वस्तऱ्यात, अर्धं कागदात गुंडाळून खणात. एका गिऱ्हाइकाला एक अर्धं, मग ते जुन्या पात्यांच्या डब्यात. याबाबतीत तो शिस्तीचा. पण दाढी करताना कुठे कापलं, तर तुरटी घ्यायचा नाही. आपला अंगठा जखमेवर दाबून धरायचा. “तुरटी झोंबते. माजा अंगठा थंड हाय,” म्हणायचा आणि रक्त थांबेपर्यंत तसाच उभा राहून पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा.

त्या अंगठ्यानेच घात केला.

गणपतीच्या आदल्या दिवशी त्याला एका घरून बोलावणं आलं. त्या घरातला माणूस बरीच वर्षं ट्रकवर होता, दोन महिन्यांपूर्वी आजारी होऊन घरी परतला होता आणि अंथरुणाला खिळला होता. घरात गणपती येणार आणि कर्ता माणूस दाढी वाढवून पडलेला, हे बायकोला बरं दिसेना. आमच्याकडे अशा वेळी सलूनवाला घरी जातो. हा गेला. माणूस हाडं झालेला, गालाची कातडी सैल, वस्तरा जबड्याशी लागला. याने सवयीने अंगठा दाबला. त्याच सकाळी नैवेद्याचा नारळ सोलताना याचा अंगठा कोयत्याने कापला होता.

तो माणूस अनंत चतुर्दशीच्या आतच गेला. दहाव्याला सगळे नदीवर जमले असताना कुणीतरी याच्या कानाशी लागलं की गेला तो एड्सने. गोळ्या चालू होत्या, त्याने मधेच सोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हा शाळेत आला, मधल्या सुट्टीत. शाळेत तो कधी आला नव्हता. वर्गाच्या दाराबाहेर चप्पल काढून उभा.

“मास्तर, तुमी पोरांना त्या रोगावर भाषन देता ना?”

देत होतो. दर वर्षी एक डिसेंबरला, एड्स दिनाला. हात मिळवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, फळ्यावर रंगीत खडूने मीच लिहायचो. मी लगेच सुरू झालो. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

“रगताला रगत लागल्यावर?”

मी म्हटलं, काही होत नाही. मग म्हटलं, आपण एकदा तपासून घेऊ.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाच्या खोलीत एक मॅडम होत्या. सगळं शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या की अशाने लागण होण्याची शक्यता अगदी कमी आहे, पण लगेच घ्यायच्या गोळ्यांची वेळ टळून गेली आहे. आज तपासू, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाचा रिपोर्ट खरा धरायचा. आणि समजा निघालाच, तरी आता औषधं आहेत, माणूस म्हातारा होऊन मरतो.

त्या दिवशीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण त्याने त्यातले फक्त ‘तीन महिने’ ऐकले होते.

परतीच्या एसटीत रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मास्तर, त्या घरनं आल्यावर वस्तरा तसाच खिशात व्हता. दुसऱ्या दिशी सकाली पयलं गिऱ्हाइक बसलं. ब्लेड बदललं का न्हाय, मला आठवत न्हाय.”

मी विचारलं नाही की पहिलं गिऱ्हाईक कोण. गणपतीच्या सकाळी सात वाजता त्याच्या खुर्चीत मीच होतो. ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

त्या आठवड्यात सलूनच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली, ‘दाढी बंद’. कुणी विचारलं तर सांगायचा, हात थरथरतो. हात त्याचा कधीच थरथरला नाही. कात्री चालवताना मी बघत होतो ना. त्याला भीती होती ती दुसऱ्याच्या रक्ताची नव्हे, स्वतःच्या. आणि खरं सांगतो, त्याने दाढी बंद केली आणि माझी सोय झाली. मुरुडहून मी घरी दाढीचं सामान आणलं होतं. मला कुणाला काही कारण द्यावं लागलं नाही.

ते तीन महिने तो कसा जगला ते मी जवळून पाहिलं. दर सोमवारी रेशनच्या दुकानात जाऊन तांदळाच्या काट्यावर उभा राहायचा. अर्धा किलो कमी भरला की दिवसभर गप्प. वाढला की म्हणायचा, “सूज आसंल.” गिऱ्हाइकाचे केस कापता कापता मागून आरशात बघून जीभ बाहेर काढायचा, पांढरी झाली का ते पाहायला. एकदा खुर्चीत पुण्याचा एक पर्यटक होता. त्याला वाटलं हा आपल्याला वेडावून दाखवतोय. माणूस टॉवेल फेकून अर्धवट कापलेल्या केसांनी रस्त्यावर गेला आणि तावातावाने ओरडू लागला. मी धावत जाऊन त्याला सांगितलं की आमच्या मित्राला तोंड आलंय. तो परत बसला. त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि हसता हसता त्याला ठसका लागला. लगेच त्याचा चेहरा उतरला. “मास्तर, हा खोकला सुका का वला?”

त्याची बायको मला रस्त्यात गाठून म्हणाली, “मास्तर, ह्यांनी कसलं व्रत धरलंय का? ताट येगलं, तांब्या येगला, पडवीत निजतात. मला जवल येऊ देत न्हायत. तुमाला तरी काय बोलले का?” मी म्हटलं, असेल काहीतरी नवस, होईल पूर्ण. तिनेही मान डोलावली. पुढच्या सोमवारपासून बिचारी त्याच्याबरोबर उपवास धरू लागली.

सगळ्यांत वाईट ते डब्याचं. एका दुपारी मी दुकानात शिरलो तर जुन्या पात्यांचा पत्र्याचा डबा त्याने वर्तमानपत्रावर उपडा केला होता. अर्धी ब्लेडं, शेकडो, गंजलेली. डबा कधी रिकामा केला होता ते त्याला आठवत होतं. तेव्हापासून दाढी बंद करेपर्यंत कुणाकुणाची दाढी केली ते तो एकेक नाव घेऊन आठवत होता आणि प्रत्येक नावाला एक पातं बाजूला ठेवत होता. माणूस एक, पातं एक. हिशेब जुळला तर त्या सकाळी ब्लेड बदललं होतं.

“येक कमी पडतंय,” तो म्हणाला.

“एखादं खाली पडलं असेल. केरात गेलं असेल.”

“व्हय,” तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी तिथे उभा होतो, आणि तो माझं नाव मोठ्याने घेत नव्हता. माझ्या वेळी नुसतंच एक पातं उचलून बाजूला ठेवायचा. मी काहीतरी काम काढून घरी आलो. घरी आल्यावर आरशात जीभ बाहेर काढून पाहिली.

डिसेंबरात मी शाळेत नेहमीचं भाषण दिलं. त्यानंतर आठवड्याभराने शिक्षकांचं प्रशिक्षण आहे असं घरी सांगून माणगावला गेलो. मुद्दाम माणगावला, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. तिथल्या दवाखान्यात खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसलो. त्या एका तासात मला त्याचे तीन महिने कळले. समोरच्या भिंतीवर, मी फळ्यावर लिहायचो तीच वाक्यं छापलेली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाहेर येऊन मी भजीपाव खाल्ला, रिपोर्टच्या कागदाचे बारीक तुकडे केले आणि एसटी पकडली. बायकोला बोललो नाही. त्यालाही बोललो नाही. काय सांगणार होतो? की तू निर्धास्त राहा म्हणून मी तुला रोज सांगत होतो आणि मलाच धीर नव्हता?

त्यानंतर चारच दिवसांनी त्याची तारीख होती. मी किरकोळ रजा टाकून बरोबर गेलो. मॅडमनी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि हसून म्हणाल्या, “काही नाही हं तुम्हाला. आता विसरा हे.”

त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, “म्हंजे बाकीच्यांचा बी चांगलाच आसंल ना?”

“बाकीच्यांचं तुमच्या रिपोर्टवरून कसं सांगणार? ज्याची शंका असेल त्याला घेऊन या, तपासू.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. तेव्हा बोलायला हवं होतं. मी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

गावात उतरल्याबरोबर त्याने दुकान उघडलं आणि पाटी पुसली. खुर्चीवरची धूळ झटकली, माझ्या डोळ्यांसमोर नवं ब्लेड मोडलं. “बसा, मास्तर. पयली तुमची.” ब्रश फेसात फिरवून तो माझ्याकडे वळला, आणि माझी मान दचकून मागे गेली. त्याचा रिपोर्ट चांगला होता, माझा चांगला होता, दोन्ही मला माहीत होतं. तरी गेली.

“आज नको,” मी म्हणालो. “आज शनिवार आहे.”

आयुष्यात मी वार पाळला नव्हता. अमावास्येला, शनिवारी, मुद्दाम दाढी करायला जाणारा गावातला मी एकटा, आणि त्यावरून त्याने माझी कितीदा थट्टा केली होती. त्याने हातातल्या ब्रशकडे पाहिलं. “व्हय की,” तो म्हणाला. “माज्या ध्यानातच न्हाय.” आणि फेस धुऊन टाकला.

मंगळवारी मी गेलो आणि बसलो. दाढी झाली. पण आता दर वेळी तो ब्लेडचा कागद आधी मला दाखवायचा, मग मोडायचा, जसं अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवतात. जरा कापलं तर तुरटी लावायचा. मी म्हटलं, “अरे, अंगठा ठेव ना.” तो म्हणाला, “नको, मास्तर.”

वर्षभरात त्याने दुकान बंद केलं. तीन महिन्यांत तुटलेली गिऱ्हाइकं परत आली नव्हती. माणगावला मुलगी दिली होती, दवाखान्यासाठी माणगाव निवडताना घाईत मला ते आठवलंच नव्हतं; जावई तिथे रिक्षा चालवायचा. त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरलं. सामान टेम्पोत चढल्यावर तो माझ्याकडे आला, मला नारळाच्या सावलीत बाजूला घेतलं.

“मास्तर, येक विचारू? जावई सांगत व्हता, गेल्या डिसेंबरात तुमी तिथल्या दवाखान्यात बाकावर बसले व्हते. त्या खोलीभायेर. तुमचा काय आला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. वर्षभर मनात ठेवलेला प्रश्न तो विचारत होता. ‘चांगला आला’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण चोरी पकडल्यासारखं वाटलं.

“छे,” मी म्हणालो, “मी कशाला जाऊ? प्रशिक्षणाला गेलो होतो. दुसरा कुणी असेल.”

“बरं,” तो म्हणाला. “तब्येतीला जपा.” आणि टेम्पोत बसला.

तो दोन वर्षांपूर्वी माणगावला वारला, झोपेत, हृदयविकाराने. जावई कागदपत्रांच्या कामाला गावात आला होता तेव्हा माझ्याकडे चहाला थांबला. माणूस मोकळा, बोलका. सासऱ्याच्या आठवणी निघाल्या. म्हणाला, “मास्तर, त्यांचा तुमच्यावर फार जीव होता. इकडची फेरी झाली की मला आधी एकच विचारायचे. मास्तर दिसले का? कसे दिसले? बारीक झालेत का?”

मी कप खाली ठेवला.

“मी सांगायचो, अहो, चांगले धडधाकट आहेत. पण त्यांना खरं वाटायचं नाही,” जावई हसत म्हणाला. “शेवटपर्यंत नाही वाटलं.”